'अशी ही बनवाबनवी': चार बॅचलर, एक खोली आणि १९४० सालचं भाडं

जुने सिनेमे नव्याने बघायच्या आपल्या मालिकेत आज एक असा सिनेमा, जो तुमच्यातल्या काही जणांनी सलग कधी बघितलाही नसेल, पण ज्याचे डायलॉग सगळ्यांना पाठ आहेत. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारं मीम तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलंय. उसने पैसे परत येत नाहीत म्हटलं की कुणीतरी सत्तर रुपयांचा विषय काढतंच. आणि दुकानात लिंबू कलरची साडी दिसली की आपण उगाच हसतो.

बरोबर ओळखलंत. 'अशी ही बनवाबनवी'. साल १९८८. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, लेखन वसंत सबनीसांचं, संगीत अरुण पौडवाल यांचं. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे हे चौघे. समोर अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता आणि प्रिया अरुण. शिवाय सुधीर जोशी, नयनतारा, विजू खोटे. नुसती नावं वाचली तरी चेहऱ्यावर हसू येतं.

पण आज मला विनोदावर बोलायचं नाहीये. त्यावर रील्स भरपूर आहेत. मला बोलायचंय घरावर. कारण हा सिनेमा प्रेमाचा वगैरे नंतर आहे. आधी तो भाड्याच्या खोलीचा सिनेमा आहे.

स्टोरी आठवा. धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदारांच्या घरात भाडेकरू. मग भाऊ शंतनू शिकायला येतो, सुधीर येतो, परशा येतो. एकाच्या खोलीत चार जण. एका रात्री धिंगाणा जास्त होतो आणि सरपोतदार सगळ्यांना बाहेर काढतात. आता पुण्यात खोली शोधायची. मिळत नाही. मिळते ती लीलाबाई काळभोरांकडे, पण अट एकच: जोडपं पाहिजे. म्हणून परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि पुढचा सगळा गोंधळ. डोहाळजेवणापर्यंत!

म्हणजे बघा, यांना बँक लुटायची नाहीये, कुणाची इस्टेट हडपायची नाहीये. भाडं द्यायला तयार असलेली चार धडधाकट माणसं फक्त भाड्याने राहता यावं म्हणून साडी नेसतात. प्रश्न असा की १९८८ च्या प्रेक्षकाला हे अजिबात अशक्य का वाटलं नाही? थिएटरात कुणी असं का म्हटलं नाही की अरे, दुसरं घर शोधा ना?

त्याचं उत्तर सिनेमात नाही. ते कायद्याच्या पुस्तकात आहे.

भाडं गोठलं, दार बंद झालं

थोडं मागे जाऊ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा शहरांत गर्दी वाढली, बांधकामाचं सामान महागलं, आणि घरमालक मनाला येईल ते भाडं मागतील अशी भीती होती. म्हणून सरकारने भाड्यावर लगाम घातला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, मुंबई प्रांतात नवा भाडे नियंत्रण कायदा आला. त्यातली मुख्य कल्पना होती 'प्रमाण भाडं'. साधारण नियम असा की १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं, ते तिचं प्रमाण भाडं. त्याहून जास्त घ्यायचं नाही आणि नियमाने भाडं भरणाऱ्या भाडेकरूला सहजासहजी काढायचं नाही.

हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. गिरणीत राबणाऱ्या, कारकुनी करणाऱ्या लाखो कुटुंबांना याच कायद्याने शहरात टिकवून ठेवलं. आपल्यातल्या अनेकांचे आजी-आजोबा मुंबईत राहू शकले ते यामुळेच.

पण हा कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक राहिला. १९४० चं भाडं १९६० ला, १९७० ला, १९८० ला तसंच. मालकाला मिळणाऱ्या पैशात जिन्याचा एक कठडा दुरुस्त होईना. मग मालक दुरुस्ती करेना. या बाजूची गोष्ट बघायची असेल तर सईद मिर्झांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' बघा, १९८४ चा. भीष्म साहनी आणि दीना पाठक हे म्हातारं जोडपं मोडकळीला आलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी घरमालकावर केस करतं. 'बनवाबनवी'च्या फक्त चार वर्षं आधीचा सिनेमा. विषय तोच, फक्त हसू गायब.

मालकांनी यातून एक पळवाट काढली. 'भाडेकरू' म्हणायचंच नाही, 'लायसन्सी' म्हणायचं. म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत. लीव्ह अँड लायसन्स हा शब्द आज आपण सगळे वापरतो, तो इथला. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे असे लायसन्सी राहत होते त्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका रात्रीत!

आता सरपोतदारांच्या चपलेत पाय घालून बघा. तुमच्याकडे एक रिकामी खोली आहे. द्यायची म्हटली तर भाडं नावापुरतं, आणि आत घेतलेला माणूस बाहेर निघेलच याची खात्री नाही. आज पळवाट आहे, पण उद्या सरकार पुन्हा तारीख बदलणार नाही कशावरून? अशा वेळी पुष्कळ मालक काय करतील? खोलीला कुलूप लावतील. आणि द्यायचीच ठरवली तर आत येणाऱ्याला सतरा प्रश्न विचारतील.

मी इंजिनिअर आहे, तर माझ्या भाषेत सांगतो. मागणी भरपूर, पुरवठा कमी, आणि किंमत बदलायची परवानगी नाही. मग रांगेतून कोणाला आत घ्यायचं हे किंमत ठरवू शकत नाही, दुसरा कुठला तरी फिल्टर ठरवतो. मुंबईत तो फिल्टर होता पागडी. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता आणि तरी ती सर्रास चालायची. ज्याच्याकडे पागडीला पैसे नाहीत त्याच्यासाठी फिल्टर होता ओळख: गाववाला, नातेवाईक, ऑफिसातला कुणी. आणि ज्याच्याकडे तेही नाही, त्याच्यासाठी शेवटचा फिल्टर होता चारित्र्य. तुम्ही कसे राहता? एकटे की संसारी?

लीलाबाईंची अट म्हणजे हा शेवटचा फिल्टर. सबनीसांनी ती हवेतून काढलेली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांनी ती स्वतः कुणाच्या तरी ओट्यावर उभं राहून ऐकलेली होती.

कोलकात्याहून पुण्यात

आता गंमत बघा. ही गोष्ट मुळात पुण्याची नाहीच. सचिनचा सिनेमा बेतलाय हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावर. नावातच सगळं आलं: बायको आणि घर. त्यात विश्वजीतने साडी नेसली होती, सोबत मेहमूद होता. आणि त्याच्याही मागे आहे १९५५ चा बंगाली सिनेमा 'जय माँ काली बोर्डिंग', शैलेश दे यांच्या कथेवरचा, भानू बंद्योपाध्याय यांचा.

१९५५ चं कोलकाता म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. फाळणीला आठ वर्षं झालीत. पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांनी शहर भरून गेलंय, स्टेशनांवर, रिकाम्या जमिनींवर माणसं राहतायत. स्वतः भानू ढाक्याचे, आणि पूर्व बंगाली बोलीतला विनोद ही त्यांची ओळख. डोक्यावर छप्पर नाही ही त्या शहरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. त्यातून हा विनोद जन्माला आला.

म्हणजे तेहतीस वर्षांत तीन भाषा आणि एकच अडचण. आणि प्रवास तिथे थांबला नाही. 'बनवाबनवी'नंतर ही गोष्ट तेलुगूत गेली, कन्नडमध्ये गेली, २००९ ला 'पेइंग गेस्ट्स' म्हणून पुन्हा हिंदीत आली आणि थेट थायलंडला पोचली, २०१४ ला 'मिस्टर अँड मिसेस ४२०' म्हणून पंजाबीत आली. एखादी गोष्ट इतक्या शहरांत जाऊन इतक्या सहज रुळते तेव्हा फक्त विनोद चांगला आहे असं म्हणून भागत नाही. त्या सगळ्या शहरांत तो दरवाजा ओळखीचा आहे.

मराठी सिनेमापुरतं बोलायचं तर तो दरवाजा आधीही दिसला होता. राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई', १९७०. चाळीतलं भरलेलं घर आणि नव्या जोडप्याला बोलायलाही कोपरा नाही. बासू चटर्जींनी त्यावरूनच १९७२ ला 'पिया का घर' केला. पण ऐंशीच्या दशकात एक बदल झाला. तोवर मराठी पडद्यावर पाटील, तमाशा, वाडा, शेत यांचा जोर होता. सचिनचे 'नवरी मिळे नवऱ्याला', 'गंमत जंमत' किंवा महेश कोठारेंचा 'धुमधडाका' यांनी तो सूर बदलला. नोकरीच्या, पैशाच्या, लग्नाच्या मागे धावणारी तरुण पोरं पडद्यावर आली. समोर बसलेला प्रेक्षकही बराचसा तसाच होता: मिरजेहून, साताऱ्याहून, नगरहून पुण्या-मुंबईत आलेला.

आणि पुरुषाने साडी नेसणं? ते तर आपल्याला नवीन नव्हतंच. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. म्हणजे 'बनवाबनवी' आला ते वर्ष त्यांच्या जन्मशताब्दीचं! पुरुषाने स्त्री साकारावी आणि अख्ख्या महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकावा, ही आपली जुनी सवय. इकडे लोकनाट्याचीही वाट होती, आणि वसंत सबनीस तर 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक. शिवाय त्याच दशकात विजय चव्हाण 'मोरूची मावशी' रंगवत होते, अत्र्यांचं नाटक, मूळ इंग्रजी 'चार्लीज आंट'. त्यामुळे सचिनची सुधा पदर सावरते तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसत नाही. तो लगेच खेळात सामील होतो. सबनीसांची कमाल ही की त्यांनी घराची वैतागवाणी अडचण या ओळखीच्या खेळात बसवली.

कायदा बदलला. पाटी?

आता इथे मला स्वतःलाच प्रश्न पडला. मी आत्तापर्यंत जे सांगितलं त्याचा अर्थ असा होतो की सगळा दोष गोठलेल्या भाड्याचा. मग भाडं मोकळं केलं की बॅचलरला घर मिळायला हवं, नाही का?

तर ते झालं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इतकी वर्षं गोठवून ठेवलेल्या प्रमाण भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली, पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवायची स्पष्ट सोय मालकाला मिळाली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, बस. आज तर तो ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लावून, सोफ्यावर बसल्या बसल्या.

म्हणजे सरपोतदारांची भीती कायद्याने काढून टाकली. भाडं बाजाराप्रमाणे, अकरा महिन्यांनी हवं तर नवा माणूस. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती. मागणी आहे, जागा आहे, किंमतही मोकळी आहे.

आणि तरीही ब्रोकरचा पहिला प्रश्न तोच. "फॅमिली की बॅचलर?"

मी पुण्यात गेल्या सहा वर्षांत चार घरं बदलली. पगार वेळेवर, डिपॉझिट तयार, करारावर सही करायला पेन खिशात. तरी फोनवर मी काम सांगायच्या आधी समोरून "फक्त फॅमिली" ऐकू आलंय. एका सोसायटीत आम्हा तिघांसाठी वेगळी नियमावली होती: रात्री दहानंतर पाहुणा नाही, गच्चीवर जायचं नाही, मैत्रीण आली तर गेटवर नोंद. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा मुलगा आमच्याच वयाचा. तो गच्चीवर गिटार वाजवायचा. त्याला नियम नाही, कारण तो 'घरातला'.

म्हणजे फिल्टर गरजेतून आला असेल, पण गरज संपल्यावर तो गेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये असं खूप होतं. एखाद्या जुन्या अडचणीसाठी कुणीतरी एक अट टाकून ठेवतं. अडचण मिटते, लिहिणारा कंपनी सोडून जातो, आणि अट कोडमध्ये तशीच राहते, कारण हात लावायला सगळे घाबरतात. आता तर गंमत म्हणजे घर शोधायच्या अ‍ॅपमध्येच 'बॅचलर चालतील' असं बटण असतं. लीलाबाईंची अट ड्रॉपडाउनमध्ये जाऊन बसलीय.

साडी नेसून न सुटणारे प्रश्न

या वेळी सिनेमा पुन्हा बघताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. सांगतो.

माने आणि कंपनीची बनवाबनवी चालते, कारण त्यांच्यात आणि घरात फक्त एका खोट्याचं अंतर आहे. जोडपं नाही? जोडपं बनू. विग, साडी, थोडा लाजरा आवाज. बाकी त्यांच्याबद्दल लीलाबाईंना काही खटकत नाही. आडनाव विचारलं तर खरं सांगता येतं. डब्यात काय आहे ते लपवावं लागत नाही.

आमच्या तिघांपैकी एकाचं तसं नव्हतं. ते घर शोधताना एक जागा अगदी पक्की झाली होती. तिघांना ठेवायला मालक तयार, भाडं ठरलं, टोकन द्यायचं बाकी. मग करारासाठी पूर्ण नावं पाठवली. दोन तास मेसेज 'सीन' राहिला आणि मग उत्तर आलं: घरातलेच कुणीतरी राहायला येणार आहेत, सॉरी. पंधरा दिवसांनी त्याच फ्लॅटची जाहिरात अ‍ॅपवर पुन्हा दिसली. मित्र काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी नावं आधीच पाठवू. वेळ वाचतो."

त्याला कुठला वेश घेता आला असता? आडनावावर साडी नेसता येत नाही.

आणि हे फक्त एखाद्या मालकाच्या मनातलं नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने असं मान्य केलं की संस्था आपल्या उपविधींमध्ये सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. त्यामागे संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद होता, तोही समजून घ्यायला हवा. छोट्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं मी समजू शकतो. पण मोठ्या शहरात एकामागून एक दारं अशीच बंद होत गेली, तर ज्याला कुठल्याच दारात जागा नाही त्याने राहायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

मुलींचं तर अजून वेगळं. सिनेमात अश्विनी भावेंची माधुरी मानेंची बॉस आहे. १९८८ च्या मराठी सिनेमात ही भारी गोष्ट होती. आज अशा कित्येक माधुरी टीम सांभाळतात, आणि रात्री उशिरा कॉल संपवून परत आल्यावर पीजीच्या वॉर्डनला कारण सांगतात.

म्हणून मला वाटतं, 'बनवाबनवी'ला नुसतं 'निखळ विनोदी' म्हणून कपाटात ठेवू नये. तो निखळ आहेच, त्यात वाद नाही. अशोक सराफांचं टायमिंग आणि लक्ष्याची ती ओटीपोट सांभाळत चालण्याची ढब, याला तोड नाही. पण आपल्या शहरांनी एकट्या माणसाला कसं वागवलं याची ती नोंदही आहे. सबनीसांना आणि सचिनला कदाचित एवढंच हवं होतं की लोकांनी पोट धरून हसावं. हसता हसता शहराचा एक खरा कागद तयार झाला.

शेवटी बिंग फुटतं, माफी मिळते, लग्नं जुळतात. नीट बघा हां, घराचा प्रश्न कसा सुटतो ते. अट बदलत नाही. पोरं अटीत बसतात! चौघांचं लग्न ठरतं आणि बॅचलर हा प्रकारच संपतो. १९८८ ला हा गोड शेवट होता. आज तिशीला टेकलेल्या माझ्यासारख्याला आई हाच उपाय दर रविवारी फोनवर सुचवते.

तर या वीकेंडला काम एकच. मीम नको, क्लिप नको, पूर्ण सिनेमा लावा. आई-बाबांना सोबत बसवा आणि मध्येच थांबवून विचारा की तुम्ही पहिल्यांदा शहरात आलात तेव्हा खोली कशी मिळाली, मालकाने काय काय विचारलं. मी माझ्या बाबांना विचारलं, तर सिनेमा तासभर पॉजवरच राहिला. तुमच्या घरातले किस्से मला व्हॉइस नोटने पाठवा, नाव गाव नको, फक्त शहर आणि साल सांगा. पुढच्या एखाद्या भागात ते सगळे मिळून ऐकू.

आणि तुमच्यापैकी कुणाकडे भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल, किंवा आई-बाबांचा असेल, तर ब्रोकरला अटी सांगण्याआधी एकदा ती यादी वाचून बघा. यातली कुठली अट खरंच घर सांभाळण्यासाठी आहे, आणि कुठली नुसती चालत आलीय?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कुणाचे सत्तर रुपये द्यायचे राहिले असतील तर देऊन टाका!